पोरींचं सुतक

त्या सकाळी मी आणि बायको ओट्यावर गवार मोडत बसलो होतो. ती म्हणाली, "शिरा काढा नीट. पोरी जेवणार आहेत, म्हशी नाय." मी म्हणालो, "मग तूच मोड." हेच आमचं शेवटचं बोलणं. दुपारी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली ती बसलीच. डॉक्टर येईपर्यंत गेली होती.

सातपूरच्या या घरात आम्ही लय वर्षं काढली. बालगृहात वाढलेल्या पोरी अठराच्या झाल्या की त्यांना तिथून निघावं लागतं. जायचं कुठं? म्हणून संस्थेनं हे घर घेतलंय. पोरी वर राहतात, आम्ही खाली. बायको त्यांची मावशी, मी राखणदार. पोरींनी काम धरायचं, पायावर उभं राहायचं, मग आपल्या वाटेनं जायचं. वरच्या मजल्यावर मी पाऊल ठेवायचं नाही, हा बायकोचा कायदा.

सगळ्यात धाकटी पोरगी नुकतीच एका कंपनीत पहिल्या पाळीला लागली होती. अजून कच्ची, दांडी मारली की काढूनच टाकतात. बायको रोज तिला उठवून बसपर्यंत ढकलत न्यायची.

संध्याकाळी अग्नी देऊन आलो. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणली. जेवताना धाकटी म्हणाली, "काका, मी दहा दिवस कामाला जायची नाय. सुतक आहे मला."

माझी मेहुणी देवळ्याहून आली होती. ती फटकन बोलली, "तुला कसलं गं सुतक? तू काय रक्ताची?"

पोरीनं ताट सरकवलं आणि वर गेली. माझं डोकंच चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू झालं तसा जिन्याखाली उभा राहिलो आणि कठड्यावर काठी आपटली. धाकटी आली. डोळे सुजलेले, कपडे कालचेच.

"आवर. बस जाईल."

"सुतक आहे मला," ती हट्टानं म्हणाली.

"आहेच. जेवढं मला, तेवढंच तुला. देवाला शिवायचं नाय, गोड खायचं नाय. पण कामाला जायचं. नोकरी घालवलीस तर मावशी वरून लाटणं फेकून मारील."

"आणि त्या देवळ्याच्या ताई?"

"तिला मी बघतो."

ती रडता रडता हसली, तोंड धुऊन आली. सुतकात आमच्याकडं चूल बंद, म्हणून नाक्यावर तिला वडापाव बांधून दिला. बस आली, ती चढली.

परत आलो तर मेहुणी दारातच. "दाजी, पोरीला तसं का सांगितलं?"

"खरं तेच सांगितलं. दहाव्याला सगळ्या पोरी गंगेवर येणार. तुझ्या बहिणीला पाणीही देणार."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे," मी म्हणालो, आणि अंगण झाडायला घेतलं.