दुसऱ्या पंगतीचे आबा

न्यूझीलंडमध्ये राहून काळ्या जर्सीवाल्या रग्बी संघाच्या मॅचला जांभया देणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमच्या शेजारच्या मिलिंदचे वडील. आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणायचो. पापाकुराच्या आमच्या गल्लीत मॅचच्या दिवशी घराघरांतून आरोळ्या उठत, आणि हे गृहस्थ मागच्या डेकवर बसून शांतपणे फरसबी मोडत. जे नेहमीच जिंकतात त्यांना आपली काय गरज, असं त्यांचं म्हणणं.

आबांचा जीव होता जॉर्जियावर. युरोपातल्या मोठ्या सहा देशांची रग्बी स्पर्धा इथे सगळ्यांना ठाऊक असते. तिच्याखाली रोमानिया, पोर्तुगाल, स्पेन अशांची आणखी एक स्पर्धा असते, हे मला आबांमुळे कळलं. ती बहुतेक वर्षी जॉर्जियाच जिंकतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच खेळतो. वरच्या सहांत कोणाला घेतच नाहीत.

"आपल्याकडे पहिली पंगत कधीतरी उठते गं," आबा मला म्हणाले होते. "यांची उठतच नाही. आणि गंमत बघ, खाली ढकलायची सोय आहे, वर चढायची नाही."

त्यांना हे इतकं का लागावं, याचं मला फार नवल वाटलं नाही. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी नोकरीची शेवटची वर्षं प्रभारी मुख्याध्यापक म्हणून काढली होती. खुर्ची मिळाली, पण पाटीवरचं 'प्रभारी' काही निवृत्तीपर्यंत पुसलं गेलं नाही.

शनिवारी नात सई क्लबात खेळायला जाई, तेव्हा आबा स्वेटर चढवून मैदानाच्या कडेला उभे राहत आणि शेजारच्या किवी बापांना जॉर्जियाबद्दल विचारत. बहुतेकांना अमेरिकेतलं राज्य वाटे. एकदा एका धिप्पाड माओरी आजोबांनी मान डोलावून "हार्ड मेन, मेट," एवढंच म्हटलं. त्यावर आबा पुढचे आठ दिवस खूश होते.

तिकडची मॅच इथे पहाटे संपलेली असे. आबा ती रविवारी सकाळी अंघोळ, चहा उरकून रेकॉर्डिंगवर बघत. तोवर घरात कोणी निकाल सांगायचा नाही, असा कडक नियम होता. मीही माझा कप घेऊन जाऊन बसे. मला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही, पण माझे वडील मागेच गेलेले, आणि कोणा वडीलधाऱ्याशेजारी गप्प बसायला मिळणं ही या देशात चैनच आहे.

मिलिंदची आई गेल्यावर त्यानं आबांना इकडे आणलं ते व्हिजिटर व्हिसावर. आईवडिलांना कायमचं ठेवून घ्यायचाही एक व्हिसा असतो, पण त्याची सोडत निघते. बऱ्याच प्रतीक्षेनंतर आबांचं नाव निघालं. त्या दिवशी त्यांनी स्वतः शिरा करून गल्लीत वाटला. पुढे राहिली होती फक्त तब्येतीची तपासणी.

मार्चमध्ये जॉर्जियाची फायनल होती. आम्ही बघत बसलो होतो, तेवढ्यात मिलिंद फोन हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला. आबांनी मान वळवली नाही.

"कोणाचा निकाल? त्यांचा की माझा?"

"तुमचा, आबा."

"मग थांब. त्यांचं होऊ दे आधी."

मिलिंद तसाच उभा राहिला. त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं होतं, आणि आबांना न बघताच कळलं असावं. जॉर्जिया जिंकला. कप उंचावून झाला, राष्ट्रगीत झालं, आबांनी टाळ्या वाजवल्या आणि टीव्ही बंद केला.

"हं, सांग."

मूत्रपिंडं आडवी आली होती. त्यांच्यावरचा पुढचा खर्च इथल्या सरकारला झेपणार नाही, म्हणून अर्ज नामंजूर. मिलिंद वकिलाकडे जायचं म्हणत होता, अपिलाचं बोलत होता. आबा म्हणाले, "नियम त्यांच्या घरचा आहे," आणि उठून सगळ्यांचे कप विसळायला गेले. मला त्यांचा राग आला. वाटलं, या माणसानं एकदा तरी ताट आपटावं.

व्हिजिटर व्हिसा संपत आला होता, म्हणून एप्रिलमध्ये ते निघाले. एअरपोर्टवर सईनं त्यांची बाही धरली. मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्रजीच.

"आबा, व्हेन आर यू कमिंग बॅक?"

पोरीचं मन राखायला आबा काहीतरी थाप मारतील, असं मला वाटलं होतं. ते गुडघ्यावर हात टेकून कष्टानं खाली वाकले.

"मी नाही गं येणार आता. तू ये. पण लवकर ये."

मिलिंदनं शाळेच्या मोठ्या सुट्टीची, डिसेंबरची तिकिटं काढली होती. आबा दिवाळीच्या आधीच गेले.