चाचांनी केलेली सोय

आमच्या शेजारच्या चाचांइतका दयाळू माणूस अख्ख्या वाशी तालुक्यात शोधून मिळायचा नाही. फक्त त्यांची दया माणसांपेक्षा भंगारावर जास्त आहे. फुटकी बादली, दांडा मोडलेली छत्री, जळालेला मिक्सर, जोडीदार हरवलेली चप्पल, अशी कुठलीही अनाथ वस्तू दिसली की त्यांचा जीव कळवळतो. सकाळी घंटागाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी वाजायला लागलं की मी कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर येते, आणि अगदी त्याच वेळी चाचाही बाहेर येतात, निव्वळ योगायोगानं! मग ते माझ्या डब्यात डोकावतात आणि माझ्या देखत शाम्पूची बाटली उचलून उन्हात धरून बघतात. "बेटी, ही फेकायलीस? अगं, हिच्यात अजून लई जान हाय!" मी म्हणते, "चाचा, शाम्पू संपलाय." "शाम्पू संपला, बाटली कुठं संपली?" आता यावर काय बोलणार, सांगा! मी शाळेत पोरांना शिकवते, पण या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत सुचलेलं नाही. थोड्या दिवसांनी तीच बाटली पोट कापून, आत पुदिना लावून, गळ्यात सुतळी अडकवून माझ्या दारात परत येते. "खिडकीत टांग," असा हुकूम होतो आणि मी टांगते. माझ्या खिडकीत आता इतकं काय काय टांगलेलं आहे की उजेडाला आत यायचं तर पुदिन्याची परवानगी घ्यावी लागते.

चाचा आयुष्यभर तहसील कचेरीत कारकून होते. कागदावर शिक्का मारायचा आणि समोरच्याला उद्या यायला सांगायचं, यापलीकडं त्यांच्या हातांना काही करायला मिळालं नाही. निवृत्त झाल्यावर ती सगळी साचलेली हौस एकदम बाहेर पडली. त्यांना सुतारकाम येत नाही, शिवण येत नाही, वायरिंग तर मुळीच येत नाही. पण येत नाही म्हणून करायचं नाही, हे त्यांना कबूल नाही. त्यांचा मुख्य कच्चा माल म्हणजे शेतात उंदरांनी कुरतडून बाद झालेली ठिबकची नळी आणि सोयाबीनची रिकामी पोती. नळीनं ते खुर्च्या विणतात, झोके बांधतात, कोंबड्यांच्या खुराड्याला दार करतात. त्यांच्या खुर्चीवर बसल्यावर छान गार वाटतं, हे मी मान्य करते. उठल्यावर मात्र पाठीवर वहीसारख्या रेघा उमटलेल्या असतात. एका दिवाळीला त्यांनी माझ्या सासूबाईंना उदबत्तीचं घर करून दिलं. पुठ्ठ्याच्या नळ्या एकमेकींना चिकटवलेल्या, वर सोनेरी रंग, इतकं सुबक की सासूबाईंनी ते कौतुकानं लगेच देवघरात मांडलं, उदबत्ती खोचली, काडी ओढली आणि सहज विचारलं, "नळ्या कुठल्या हो या?" चाचा अभिमानानं म्हणाले, "तेरखेड्याच्या. फटाक्याच्या कारखान्यात दोस्त हाय आपला." सासूबाईंच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तरी त्यांना भान नव्हतं. "रिकाम्या हायत, आक्का, एकदम रिकाम्या!" चाचा शपथा घेत राहिले. तेव्हापासून आमच्या देवघरात त्या घरात एक न पेटवलेली उदबत्ती उभी असते, आणि पेटलेली उदबत्ती सासूबाई पूर्वीसारखीच केळ्यात खोचतात.

आणि तो कूलर! पत्र्याच्या पिंपाला खिडक्या पाडून, आत जुना टेबलफॅन बसवून, बाजूंनी पोत्यात वाळा भरून चाचांनी तो ईदच्या मुहूर्तावर सुरू केला. खाली बाबागाडीची चाकं लावली होती. नेमके त्या दिवशी जळकोटहून त्यांचे व्याही आले. कूलर सुरू होताच आधी सगळं घर थरथरलं, मग कूलर स्वतः थरथरला आणि थरथरत थरथरत व्याह्यांच्या दिशेनं निघाला. व्याही भले गृहस्थ. त्यांनी हसत खुर्ची जराशी मागं घेतली. कूलर पुढं, व्याही मागं, असं करत करत त्यांची पाठ भिंतीला टेकली, आणि मग कूलरनं पोटातलं सगळं पाणी त्यांच्या अंगावर आणि हातातल्या शीरखुर्म्यावर ओतलं. "थंड लागायलंय ना?" चाचांनी आशेनं विचारलं. व्याही तोंड पुसत म्हणाले, "लई थंड." हे उत्तर चाचांनी इतकं मनावर घेतलं की ते आजही लोकांना सांगतात, जळकोटच्या व्याह्यांना आपला कूलर फार आवडला.

हसा खुशाल, मीही हसते. पण वस्तू तयार झाल्यावर चाचा ती चार पावलं लांब ठेवून, कमरेवर हात देऊन तिच्याकडं बघत उभे राहतात ना, तेव्हाचं त्यांचं तोंड बघावं. बाजारातून नवी कोरी गाडी घेऊन येणाऱ्याच्या तोंडावरही मी तेवढा आनंद पाहिलेला नाही.

या आनंदाची शिक्षा मात्र चाचींनी भोगली. चाची घरात दख्खनी बोलतात, गल्लीत मराठी, आणि चाचांवर ओरडताना जी आधी तोंडात येईल ती. "कायकू लाए जी ये कबाडा? मेरेकू नक्को!" हे वाक्य मला भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं, त्यावरून वेळ ओळखून मी चहाचं आधण ठेवायची. चाचांनी केलेल्या एकाही वस्तूला त्यांनी कधी बरं म्हटलं नाही. चाचींचा खरा जीव गल्लीत. कुणाकडं पाहुणे आले, कुणाचं जावयाशी बिनसलं, कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली, हे सगळं दारात बसल्या बसल्या त्यांना कळायचं आणि त्यांच्याकडून मला. एवढी बोलकी, खमकी बाई. पण गेल्या थंडीत अंगण धुताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला ऑपरेशन झालं. हाड जुळलं, टाके सुकले, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण चाची काही पलंगावरून खाली उतरेनात. भीती बसली होती. "पाय टेकला की जमीन सरकल्यासारखी होती गं," म्हणायच्या. पुण्याहून मुलानं चांगला वॉकर आणून दिला, तर त्यावर टॉवेल वाळत पडला.

मग चाचा कामाला लागले. आधी त्यांनी मांडवाचा जुना लोखंडी पाइप पलंगापासून थेट रस्त्याच्या दारापर्यंत भिंतीला ठोकला, म्हणजे चाचींना धरून चालता येईल. चाचींनी त्याला बोटही लावलं नाही. पण चाचा हरणारे थोडेच! चाचींना पडल्या पडल्या पंख्याचं बटण दाबता यावं म्हणून बटणाला दोरी बांधली. जेवणासाठी पलंगावर आडवी सरकणारी फळी बसवली. पाण्याच्या माठाला नळी जोडून तिचं टोक उशाशी आणलं. चाचांना हाक मारायला सायकलची घंटी लावली. आणि कळस म्हणजे तो आरसा: मोडक्या कपाटाचा लांब आरसा त्यांनी खिडकीच्या झडपेला असा काही तिरका बसवला की चाचींना पलंगावरूनच अख्खी गल्ली दिसायला लागली. त्या दिवशी चाचा माझ्याकडं धावतच आले. डोळे भरलेले. "बेटी, ती म्हणाली, ये अच्छा बनाया जी! एवढ्या वर्षांत पयल्यांदा!" मलाही फार बरं वाटलं. मी साखर टाकून चहा केला, खरं तर त्यांना साखर चालत नाही.

पुढच्या आठवड्यात धाराशिवहून व्यायाम शिकवणारी मुलगी आली. तिनं फळी पाहिली, दोऱ्या पाहिल्या, आरशात गल्लीही पाहिली, आणि चाचींचे पाय दाबून बघितल्यावर तिचं हसू गेलं. बाहेर येऊन ती हळूच म्हणाली, "आजोबा, सोय फार छान केलीत. इतकी छान की आजींना उठायला कारणच उरलं नाही. असंच चाललं तर पायातली उरलीसुरली ताकद जाईल, आणि मग ह्या पुन्हा कधीच उठायच्या नाहीत." ती गेल्यावर चाचांनी चौकट धरली. मग मला म्हणाले, "म्हंजी बेटी, मीच हिला झोपवून ठिवलं?" मी म्हटलं, "चाचा, तुम्ही मायेनं केलंत हो." "व्हय. मायेनंच झोपवलं."

त्याच दुपारी त्यांनी पक्कड घेतली. आपण केलेली वस्तू स्वतःच्या हातानं मोडणं त्यांना कधी जमलेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी एकेक करून सगळ्या मोडल्या. पंख्याची दोरी गेली, फळी गेली, नळी गेली, घंटी गेली. चाची आधी ओरडल्या, मग विनवायला लागल्या. "आइना नक्को निकालो जी, आइना रहने दो!" चाचांनी आरसा काढला. भिंतीवरचा पाइप तेवढा ठेवला. मग ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि लहान पोरासारखे रडले. "लई आवडला होता गं तिला," एवढंच म्हणत होते. मी काय समजूत घालणार? मीही त्यांच्याबरोबर रडले.

चाचींनी अबोला धरला. चाचा ताट घेऊन गेले की त्या भिंतीकडं तोंड करून जेवायच्या. मला मात्र बघताच विचारायच्या, "बाई, गल्लीत काय चाललंय गं?" मी सांगायला तोंड उघडलं की मागं चाचा हात जोडून उभे, हळूच म्हणायचे, "तिला बातम्या सांगू नकू, बेटी. ऐकायच्या तर उठून येऊ दे. पाया पडतो." आता बातमी पोटात ठेवणं मला किती जड जातं, हे माझ्या घरच्यांना विचारा! तरी मी ठेवली. चाचींना वाटलं, मीपण उलटले. त्या माझ्याशीही बोलेनाशा झाल्या. भिंतीपलीकडं सगळं चिडीचूप. चाचा दिवसभर नुसते बसून असायचे, आणि मला रोज वाटायचं, हे काही जमत नाही, चाची आता गेल्यातच जमा.

उन्हाळा तापला, गल्लीत टँकर सुरू झाला. एका दुपारी टँकरवाल्यानं माझी टाकी अर्धीच भरून पाइप काढला आणि माझं डोकं फिरलं. एरवी माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, त्या दिवशी तो वेशीपर्यंत गेला असणार. टँकरवालाही काही कमी नव्हता. बायका दारात आल्या, कुणी त्याची बाजू घेतली, कुणी माझी, नुसता गलका! तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "अगं बाई, कायकू गरिबावर ओरडायलीस? तुझी टाकीच गळकी हाय, कवाची बघायली मी!"

मी वळून पाहिलं. दारात चाची उभ्या होत्या. दोन्ही हातांनी भिंतीवरचा पाइप आवळून धरलेला, पदर खाली घसरलेला, पाय लटलट कापत होते, पण उभ्या होत्या. त्यांच्या मागं चाचा, नुकतं चालायला लागलेल्या लेकराच्या मागं आई असते तसे दोन्ही हात पसरून, अंगाला न लावता, श्वास रोखून उभे. माझी टाकी गळकी नाही हो, अगदी धडधाकट आहे. पण मी म्हटलं, "हो चाची, गळकीच आहे. माझंच चुकलं." चाची समाधानानं म्हणाल्या, "मग? बोलायच्या आधी बघावं माणसानं." आणि चाचा त्यांच्या मागं तोंड फिरवून डोळे पुसायला लागले.

त्यानंतर चाची रोज दारापर्यंत यायला लागल्या, मग ओट्यापर्यंत. एका संध्याकाळी त्या ओट्यावर टेकल्या होत्या आणि चाचा सुतळीनं त्यांच्या पाठीमागची भिंत मोजत होते. "हितं पाठ टेकायला फळी करतो. वर छत्री बशीवतो, ऊन लागायचं न्हाई. बाजूला पानदानाला एक खण..." चाचींनी ती सुतळी धरली आणि हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली. आवाज चढवला नाही, म्हणून मी कान देऊन ऐकलं. "नक्को जी. कुछ नक्को बनाओ. सारी उमर कचेरी में गई, फिर मेरे वास्ते कुछ ना कुछ बनातेच रहे, मेरे बाजू में कब बैठे?"

चाचा बावरले. ते कडेला, पाहुण्यासारखे टेकले. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग गुडघ्यांवर, मग दाढीवरून फिरवले. शेवटी चाचींनीच त्यातला एक आपल्या हातात घेतला, आणि समोरून जाणाऱ्या बाईकडं हनुवटी करून ती कुणाची सून, ते त्यांना सांगायला लागल्या. इतकी वर्षं याच गल्लीत राहून चाचांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ते "हौ? हौ?" करत ऐकत होते. मी दार लोटून घेतलं आणि आत येऊन नुसतीच बसून राहिले.