मागच्या फळीचे मानकरी

माझा नातू मध्यंतरी कुठल्याशा अम्युझमेंट पार्कात जाऊन आला. तिथल्या रोलर कोस्टरवर पहिल्या सीटवर बसावं की शेवटच्या, यावरून तो मित्राशी फोनवर भांडत होता. "पहिल्या सीटवर दिसतं जास्त, पण शेवटच्या सीटवर उडतं जास्त!" हे त्याचं वाक्य कानावर आलं आणि मी हातातला पेपर खाली ठेवला.

कारण अगदी हेच भांडण मी भिलाईत ऐकलं होतं, कारखान्याचे पाये खणले जात होते तेव्हा. आणि ते चाललं होतं एका ट्रकवरून! असे किस्से कुणी जपून ठेवत नाही हो, ते आपोआप साठतात. एक बाहेर काढला की त्याला लगटून दुसरा येतो. आता सुरुवात केलीच आहे, तर ऐकाच.

आम्ही चौघं नागपूरकडचे. भोयर तुमसरचा, फिटर, आणि आमच्या टोळक्याचा स्वतःच नेमलेला उस्ताद. ठवकर वयानं मोठे, चरोद्याच्या रेल्वे यार्डात नोकरीला, त्यांना सगळे नानाजी म्हणायचे. वासुदेव आमगावकडचा, वेल्डर, स्वभावानं गरीब. आणि मी सर्व्हेत. साइटवर जायला शिफ्टचा ट्रक असायचा. रस्ता नव्हताच. खड्डे होते, त्यांना आम्ही रस्ता म्हणायचो. ट्रकच्या दोन्ही बाजूंना बसायला फळ्या आणि अगदी मागे, चाकांच्याही पलीकडे, एक आडवी फळी. तिथं बसलेला माणूस बसलेला कमी आणि हवेत जास्त असायचा. भोयरनं तिचं नाव ठेवलं होतं 'राजगादी'! ड्रायव्हरशेजारच्या सीटला तो 'जनाना डबा' म्हणायचा. तिथं वासुदेव बसायचा, डोळे मिटून.

* * *

ट्रकची राइड कशी झाली हे ठरवायची भोयरची एक पद्धत होती. दुपारी जेवणाचा डबा उघडायचा. वरण वरणाच्या जागी आणि भात भाताच्या जागी असला, तर राइड बेकार. वरण भातात गेलं असेल, तर ठीक. वरण शेजाऱ्याच्या पिशवीत सापडलं, तर फस्सक्लास!

एकदा पुण्याकडचे एक ओव्हरसियर नवीन आले होते. त्यांनी ही परीक्षा जवळून पाहिली. भोयरचं वरण त्या दिवशी माझ्या सदऱ्यावर होतं आणि भोयर आनंदानं मांडीवर थाप मारत होता.

ओव्हरसियर काळजीनं म्हणाले, "अहो, पण मग तुम्ही जेवता काय?"

"जेवनाचं काय घेऊन बसले साहेब," भोयर म्हणाला, "जेवन तं घरीबी भेटते!"

* * *

नानाजींना ट्रकचं कौतुक नव्हतं. "रबराच्या चाकावर काय मजा हाय?" असं ते म्हणायचे. त्यांच्या यार्डात एक उंचवटा होता, त्याला हंप म्हणतात. इंजिन मागून डबे ढकलत वर नेतं, माथ्यावर कपलिंग सोडतात आणि डबा आपल्याच वजनानं खाली धावत सुटतो. नानाजी म्हणायचे, "रिकाम्या वॅगनीत बसून हंपवरून जो उतरला, त्यानंच राइडची गोष्ट कराची."

"तुमी उतरले का?" भोयरनं विचारलं.

"म्या? उतरलो ना!"

मग खोदून खोदून विचारल्यावर हकीकत बाहेर आली. उन्हाळ्याचे दिवस. नानाजी जेवून सावलीसाठी एका रिकाम्या वॅगनीत आडवे झाले. डोळा लागला. ती वॅगन इंजिनानं वर नेली, माथ्यावरून सोडली, ती सुसाट खाली आली आणि उभ्या असलेल्या डब्यांवर धाडकन आदळली. नानाजींनी कूस बदलली आणि विचारलं, "चहा आला का बे?"

झोपेत केलेली राइड धरायची की नाही, यावर आमच्याकडे आठवडाभर खल चालला. देशात तेव्हा धरणं बांधली जात होती, पोलाद ओतलं जाणार होतं, आणि आम्ही चार धडधाकट माणसं चहाच्या टपरीवर एवढ्याच प्रश्नावर अडलो होतो. शेवटी भोयरनं निकाल दिला, "शरीरानं केली, मनानं नाई केली. अर्धी धरा!"

नानाजी पुढे दोन दिवस टपरीवर आले नाहीत.

* * *

भोयरची शेखी मात्र वाढतच चालली होती. एक दिवस त्यानं जाहीर केलं की क्रेननं काँक्रीट वर नेणाऱ्या बकेटमध्ये उभं राहून तो चिमणीच्या टोकापर्यंत जाणार. हे नियमात बसत नव्हतं. पण साइटवर तेव्हा नियम येऊन पोचायचे होते. भोयर बकेटमध्ये चढला, आम्हाला पुढाऱ्यासारखा हात दाखवला आणि वर गेला.

बकेट वर पोचली, आणि जेवणाचा भोंगा झाला. क्रेनवाला मान खाली घालून उतरला आणि डबा घेऊन निघून गेला. वर कुणी लटकतंय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं!

आम्ही त्याला शोधत इकडे पळालो, तिकडे पळालो. तोवर वारा सुटला. बकेट झुलू लागली. वरून आवाज यायला लागले. आधी क्रेनवाल्याच्या खानदानाचा उद्धार झाला. मग देवांची पाळी आली. तुमसरपासून रामटेकपर्यंतचे सगळे देव झाल्यावर स्पष्ट ऐकू आलं, "मरीमाय, खाली उतरव वं माय! बोकड देतो!"

क्रेनवाला जेवून, तंबाखू मळून, सावकाश आला. भोयर खाली उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग सिमेंटचा होता. पण उस्ताद तो उस्तादच. सदरा झटकत म्हणाला, "मी सोताच थांबलो होतो. वरून नजारा पाहून राहिलो होतो."

आमच्यात वासुदेव सगळ्यात कमी बोलणारा. तो पुढे झाला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "भोयर, बोकड काळं आनाचं का पांढरं?"

* * *

या वासुदेवाचं मला नेहमी वाईट वाटायचं. लग्न होऊन वर्ष झालं होतं, बायको कमल अजून माहेरीच होती. त्याला सेक्टर सहामध्ये क्वार्टर मिळालं होतं, भिंतींचा ओला चुना अजून हाताला लागत होता. पण तिला आणायचा त्याला धीर होत नव्हता. आमच्या ओळखीतल्या दोघांच्या बायका आल्या होत्या आणि धूळ, ओसाड माळ आणि ट्रकचे धक्के पाहून परतीच्या गाडीनं निघून गेल्या होत्या. "कमल बी गेली तं?" एवढंच तो म्हणायचा. झोपेतसुद्धा तेच म्हणत असावा.

त्याची ही अडचण सुटली ती भोयरच्या पाहुणचारामुळे. आमच्याकडे रीत होती: पाहुणा आला की त्याला राजगादी द्यायची. एका पावसाळी सकाळी एका मोठ्या साहेबांची जीप चिखलात रुतली. साहेब आमच्या ट्रकजवळ आले. ड्रायव्हर रामखिलावन इथलाच, छत्तीसगढचा, समजूतदार माणूस. त्यानं आपल्या शेजारची सीट रिकामी केली. पण भोयर आडवा आला.

"साहेबाले समोर बसवतं का? काही इज्जत हाय का नाई? साहेब, या, मागं या!"

साहेबांना वाटलं, मागे काही खास सोय असेल. ते राजगादीवर बसले. पहिल्या खड्ड्यात त्यांची टोपी गेली. दुसऱ्यात चष्मा गेला. तिसऱ्यात साहेब भोयरच्या मांडीवर आले आणि शेवटपर्यंत तिथंच राहिले. उतरल्यावर त्यांनी रामखिलावनकडे नुसतं पाहिलं.

"का करबे साहेब," रामखिलावन रस्त्याकडे बघत हात जोडून म्हणाला, "रद्दा अइसनेच हे!"

पावसाळा सरताच साहेबांच्या हुकमानं रोड रोलर आला. खडी पडली, डांबर पडलं. रस्ता असा गुळगुळीत झाला की भोयरच्या डब्यात वरण जागचं हललं नाही. तो घास न घेता डब्याकडे बघत बसला. "आपल्याच हातानं घात केला बे!" एवढंच म्हणाला. राजगादीवर मग शिकाऊ पोरं बसायला लागली, पेंगायलासुद्धा लागली.

खुश होता तो एकटा वासुदेव. "आता कमलले आनतो!"

* * *

कमल वहिनी आल्या. दुर्ग स्टेशनवर आम्ही सगळे ट्रक घेऊन हजर. रस्ता सुधारला तरी रीत ती रीत, म्हणून भोयरनं मागच्या फळीवर चादर अंथरून ठेवली होती. वासुदेवाचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, "तिले मागं बसवलं तं याद राखजा! ते परत जाईन!"

वहिनी पुढे बसल्या. केबिनच्या मागच्या काचेतून त्या सारख्या आमच्याकडे बघत होत्या. आम्हाला वाटलं, घाबरल्या बिचाऱ्या.

वासुदेवानं मग त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. "बाहीर जाऊ नको, ट्रक फिरून राहिले." "तिकडं पाहू नको, क्रेन हाय." "धूळ येते, खिडकी लाव." पाणी तोच भरायचा, बाजार तोच आणायचा. शेजारी एक तेलुगू बाई होत्या आणि एक पंजाबी, पण वहिनींना मराठीशिवाय काही येत नव्हतं. दार बंद, खिडकी बंद. बाहेर अख्खा कारखाना उभा राहत होता आणि आत वहिनी भिंतीकडे बघत बसलेल्या.

मी एकदा चहाला गेलो तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, इथं दिवसभर काईच होत नाई जी."

आणि शनिवारी वासुदेव टपरीवर आला तो डोळे पुसतच. "कमल जातो म्हनते. उद्याच्या गाडीनं. मन लागत नाई म्हनते." नानाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पोरानं वर्षभर ज्याची धास्ती घेतली होती, तेच समोर आलं होतं.

* * *

रविवारी आम्ही वहिनींना पोचवायला निघालो. वाटेत एका गावची मडई भरली होती, इकडच्या जत्रेला मडई म्हणतात. गाव रामखिलावनचं होतं. घरच्यांना तोंड दाखवून येतो म्हणून त्यानं ट्रक थांबवला. गाडीला अजून वेळ होता.

मैदानात त्या वर्षी पहिल्यांदाच ऑइल इंजिनवर चालणारा मोठा आकाशपाळणा आला होता. इंजिन फटफट करत होतं, धूर सोडत होतं आणि पाळणे एवढे वर जात होते की आतल्या बायांच्या किंकाळ्या खाली उशिरा पोचत होत्या.

वहिनी थांबल्या. मान वर करून बघत राहिल्या.

भोयर सवयीनं बोलून गेला, "वहिनी, जाता जाता एक चक्कर?"

"नाई, नाई!" वासुदेव ओरडला. "तिले नाई जमत!"

पण वहिनी तोवर पाळण्याकडे चालू लागल्या होत्या. एकटीला कसं सोडायचं म्हणून वासुदेव मागोमाग गेला. पाळण्याचा दांडा लागला आणि इंजिनानं जोर धरला.

आम्ही खालून बघत होतो. पहिल्या फेरीला वासुदेवाचा चेहरा दिसला, पांढराफटक. दुसऱ्या फेरीला चेहरा दिसलाच नाही, तो वहिनींच्या पदरात होता. आणि वहिनी हसत होत्या! आठ दिवसांत आम्ही त्यांचे दात पाहिले नव्हते. आता त्या मोठ्यानं हसत होत्या, वर जाताना दांडा सोडून दोन्ही हात वर करत होत्या. भोयर आ वासून बघत राहिला. त्यानं जन्मात कधी दांडा सोडला नव्हता.

पाळणा थांबला. वासुदेव उतरला, चार पावलं गेला आणि मातीत बसला. पोटात होतं ते सगळं बाहेर पडलं. नानाजी पाणी घेऊन धावले.

वहिनी उतरल्या नाहीत.

"वहिनी," मी म्हणालो, "गाडीची वेळ होऊन राहिली."

"गाडी उद्याबी असते ना भाऊजी?" त्या वासुदेवाकडे बघत म्हणाल्या. "तुमी यायच्याकडं पाह्यजा. मी आनखी एक चक्कर घेते." आणि पाळणेवाल्याला म्हणाल्या, "चालू करा जी!"

वासुदेवानं मान वर केली. नानाजींच्या हातातला तांब्या घेतला, चूळ भरली, तोंड पुसलं. मग उठला. भोयर त्याला धरायला गेला, तर त्यानं भोयरचा हात बाजूला केला. पाळण्यापाशी गेला, वहिनींच्या शेजारी जाऊन बसला, दांडा स्वतःच्या हातानं लावला आणि डोळे गच्च मिटून घेतले.

आणि मिटल्या डोळ्यांनीच पाळणेवाल्याला म्हणाला,

"जोरात घ्या, दादा. तिले आवडते."