निळ्या चकतीचे खिळे

झाडातून मी उपसलेला पहिला खिळा माझ्याच वडिलांनी ठोकलेला होता. ते मला बघताक्षणी कळलं, आणि कोणी पाहायच्या आत मी तो पटकन पर्समध्ये टाकला.

आमच्या गावातून शिराळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जुने वड आहेत. त्या वडांना गावानं आजवर काय काय ठोकलं असेल, त्याची गणती नाही. शिकवण्या, सोनोग्राफी, मूळव्याध, वधूवर सूचक. दर रविवारी सकाळी हे खिळे काढायचं काम आम्ही काहीजण करतो. सुरू केलं ते फौजेतून निवृत्त होऊन गावी आलेल्या एका सुभेदारांनी. त्यांनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "रविवार, सकाळी सहा. पक्कड, हातोडी, पाण्याची बाटली. उशीर चालणार नाही." पहिल्या रविवारी ते एकटेच होते, तरी त्यांनी म्हणे स्वतःची हजेरी घेतली. मग सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर आल्या, मग पिठाच्या गिरणीचे मालक आले, आणि मग मी.

मी शाळेत चित्रकला शिकवते. मी गेले ते काही फार उदात्त विचारानं नाही. शाळेच्या दारातल्या गुलमोहराला कोणीतरी 'सात दिवसांत फाडफाड इंग्रजी'ची पाटी ठोकली आणि माझं डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं. हे अब्बांकडून आलंय.

अब्बा पेंटर. ते बोर्ड रंगवत. त्यांचा 'ळ' बघायला इतर पेंटर थांबायचे. दुकानांवरचे मोठे बोर्ड त्यांचे, नागपंचमीला शिराळ्याला येणाऱ्या लोकांच्या स्वागताच्या पाट्या त्यांच्या, आणि रस्त्याकडेच्या झाडांवर पत्र्याच्या छोट्या पाट्या लागत त्याही बहुतेक त्यांच्याच. रंगवायच्या त्यांनी आणि सायकलला शिडी बांधून जाऊन ठोकायच्याही त्यांनीच. घरात आम्ही आमच्या मुसलमानी बोलीत बोलतो, पण अब्बांना चिडायचं असलं की ते मराठीत चिडतात. उभा जन्म मराठी अक्षरांत गेला, त्यामुळे ठणकावून सांगायचं ते मराठीतच, असं त्यांचं होऊन बसलं असावं. पुढे फ्लेक्स आले आणि दोन-तीन वर्षांत अब्बांचे ब्रश पेटीत गेले. आता ते पेपर वाचतात आणि त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना लाल पेनानं गोल करतात.

तर तो खिळा. अब्बा खिळ्याच्या डोक्याखाली रबराची चकती घालत, म्हणजे पत्रा वाऱ्यात वाजत नाही आणि खिळ्यापाशी फाटत नाही. हे इतर कोणी करत नसे. चकत्या जुन्या स्लीपरच्या, निळ्या. आणि त्या पाडायचे मी. अब्बांनी लोखंडी नळीच्या तुकड्याला एका टोकाला धार लावून दिली होती. ती स्लीपरवर उभी धरायची आणि हातोडी मारायची, की टपकन चकती पडायची. दुसरीत-तिसरीत असताना शाळेतून आले की माझं तेच काम. मला ते फार आवडायचं. घरातल्या चांगल्या स्लीपरसुद्धा मी कापल्या आहेत आणि त्यासाठी अम्मीचा मार खाल्ला आहे.

त्यामुळे वडातून निघालेल्या गंजक्या खिळ्याखाली ती विटलेली निळी चकती दिसली, तेव्हा तो खिळा कोणाचा हे कोणाला विचारायची गरज नव्हती. त्यानंतर दर रविवारी निळी चकती दिसली की मी पुढे होऊन तो खिळा काढायचे आणि लपवायचे. घरी कपाटावर चहाचा एक रिकामा डबा होता, त्यात ते जमवत गेले. रविवारी मी कुठे जाते असं अब्बांनी विचारलं तर सांगायचे, "झाडांना पाणी घालायला." म्हातारपणी माणसाकडे काय उरतं? आपण चांगलं काम केलं, एवढंच. त्यावर माझ्या हातानं पक्कड कशी लावू?

आणि मग सुभेदारांनी जाहीर केलं, की निघालेले खिळे आणि जुन्या पाट्या गावाच्या वाचनालयाच्या ओट्यावर मांडायच्या. शाळांना बोलवायचं. फ्लेक्स तयार होता, तांबडाभडक : 'झाडांचे गून्हेगार'. गाडीतून काढून त्यांनी तो आम्हाला कौतुकानं दाखवला. काढलेल्या पाट्यांतल्या निम्म्यांच्या कोपऱ्यात अब्बांची बारीक सही होती. मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, गुन्हेगार जरा जास्त होतंय." ते म्हणाले, "आवं बाई, लोकांना टोचल्याबिगर कळत न्हाई." ती सही कोणाची, हे न सांगता मी पक्कड उचलून पुढच्या झाडाकडे गेले.

त्याच आठवड्यात अब्बांना कॅलेंडर टांगायला खिळा हवा होता. घरभर शोधत त्यांनी कपाटावरचा डबा काढला. मी शाळेतून आले तेव्हा खिळे जमिनीवर पेपर पसरून त्यावर मांडलेले, आणि अब्बा शेजारी.

"हे माझं खिळं हायत," ते म्हणाले. मराठीत. म्हणजे संपलंच.

मी सगळं सांगितलं. वड, रविवार, वाचनालय, फ्लेक्ससुद्धा.

"मग लपवलंस कशाला?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून."

"मला वाईट वाटंल म्हणून, का तुला बापाची लाज वाटली म्हणून?"

मी लगेच 'न्हाई' म्हणायला हवं होतं. पण उत्तराआधी मी वेळ घेतला, आणि तो त्यांनी पाहिला. खरं सांगायचं तर दोन्ही होतं. त्या ओट्यापुढे माझ्या शाळेची मुलं उभी राहणार, सही वाचणार आणि वळून माझ्याकडे बघणार, हे माझ्या डोळ्यांसमोर येत होतंच. अब्बांनी खिळे परत डब्यात भरले, डबा स्वतःच्या उशाशी ठेवला आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. चहा समोर ठेवला तर पीत, इतकंच. मी तेवढ्या दिवसांत दोनदा रडले, एकदा चक्क चित्रकलेच्या तासाला.

रविवारी मी वडापाशी पोचले तर खोडाला अब्बांची शिडी लावलेली. शिडीवर अब्बा, आणि खाली शिडी धरून सुभेदार.

"बाई, हे पेंटर तुमचं वडील हायत व्हय?" सुभेदार म्हणाले. "मला सांगायचं न्हाई का? पावणेसहाला येऊन हुबं ऱ्हायलेत!"

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते गिरणीवाल्यांना झापत होते. "तसं वढू नगा. सालपाट निघंल. आदी पिळायचा, मग सोडायचा, मग परत पिळायचा. पकडीखाली लाकडाची चिप ठेवा. झाडाला रेटा बसू नये." इतके रविवार आम्ही झाडावर उपकार करतोय असं समजून त्याची साल सोलत होतो, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी खोडावर तळहात फिरवायला सुरुवात केली. जिथे आम्हाला नुसती साल दिसत होती तिथे बोट ठेवून ते म्हणाले, "हितं एक हाय. रेडिओ दुरुस्तीवाला." सिस्टरनी हळूच वरची मेलेली साल बाजूला केली तर आत खिळ्याचं डोकं. "त्याच्या वर टायपिंग क्लास. पलीकडं भाड्याच्या सायकली. हिकडं बांगड्यांचं दुकान, ते कराडला गेलं." वडावर हात ठेवून अब्बा आमचं जुनं गाव वाचत होते. सुभेदारांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि ते मान हलवत होते, कारण त्यातल्या टायपिंग क्लासला ते फौजेत जायच्या आधी बसले होते. भोकांमध्ये भरायला अब्बांनी मेणात हळद कालवून आणली होती. अम्मीकडून हळद मागून घेतली, म्हणजे घरात तिला सगळं ठाऊक होतं आणि मला नाही. मला तेव्हा अब्बांचा इतका अभिमान वाटला, की मी तिथंच मोठ्यानं सांगायला हवं होतं. पण आमचं बोलणं अजून बंद होतं.

निघताना अब्बांनी सुभेदारांना फ्लेक्स दाखवायला सांगितला. बराच वेळ बघून म्हणाले, "गुन्हेगारातला गु ऱ्हस्व असतोय." सुभेदार ओशाळले. "ह्यो लावू नगा. बोर्ड मी देतो."

आठवडाभर घरात टर्पेंटाइनचा वास होता. अब्बांच्या खोलीत मला जायला बंदी. किती वर्षांनी तो वास आला, आणि मी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून तो घेत बसायचे.

वाचनालयाच्या ओट्यावर सतरंजी अंथरून त्यावर खिळ्यांचे ढीग मांडले. पुढच्या ढिगात चहाच्या डब्यातले सगळे, निळ्या चकत्यांसकट. मागे पाट्या. आणि बाजूला अब्बांचा बोर्ड, कशालाही न ठोकलेला. त्याला त्यांनी स्वतःचे दोन लाकडी पाय केले होते. पांढऱ्यावर काळी अक्षरं, एका ओळीत बसवलेली :

'हे खिळे मी ठोकले. हे खिळे मीच काढले.'

खाली सही. आणि सहीच्या खाली, लाल रंगात, जरा बारीक अक्षरांत आणखी एक ओळ :

'चकत्या पाडणारी : माझी मुलगी.'

माझ्या शाळेच्या मुलांनी ती मोठ्यानं वाचली आणि सगळ्या वर्गानं वळून माझ्याकडे बघितलं. सुभेदार हसून म्हणाले, "बाई, तुमी बी सामील व्हय ह्यात?"

डबा सापडल्या दिवसानंतर अब्बा पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होते, मी किती वेळ घेते ते.

मी अजिबात वेळ घेतला नाही. "व्हय," मी म्हटलं. "आमी दोघांनी मिळून केलंय."