धुतलेली टोपी

सोमवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. स्कॉटलंडमधल्या स्टीव्हनस्टनच्या स्टेशनजवळच्या लॉन्ड्रीत एफी गिलफिलन कपड्यांची पहिली थैली टेबलावर रिकामी करत होती. चादरी एकीकडे, कामाचे कपडे दुसरीकडे. तळाशी एक चपटी लोकरी टोपी निघाली. ती तिने दोन बोटांत धरून उचलली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"झालं पुन्हा सुरू?" लॉन्ड्रीची मालकीण मोइरा म्हणाली. "अगं, टोपी आहे ती. मेलेला उंदीर नाही."

"उंदीर असता तर धुतला असता."

एफी सत्तरीची. आल्या दिवसापासून तिने इथे एकही टोपी धुतली नव्हती. नवी गिऱ्हाइकं हसत. जुनी हसत नसत, कारण त्यांना आर्ची आठवत होता.

आर्ची तिचा नवरा. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधल्या कारखान्यात तो जेलिग्नाइट नावाचं स्फोटक मळायचा. त्या कामात स्फोटकातलं तेल, नायट्रोग्लिसरीन, हाताच्या कातडीतून आणि श्वासातून अंगात जायचं. नव्या माणसाचं डोकं पहिले काही दिवस असं ठणकायचं की तो भिंतीला कपाळ टेकून उभा राहायचा. मग सवय व्हायची. शनिवार-रविवार घरी काढला की सवय मोडायची आणि सोमवारी डोकं पुन्हा पहिल्यासारखं. यावर मळणाऱ्यांनी एक उपाय काढला होता. शुक्रवारी निघताना टोपीच्या आतल्या पट्टीत त्या तेलाचा किंचितसा बोळा दडवायचा आणि सुट्टीभर टोपी डोक्यावर ठेवायची. पकडला गेला तर नोकरी जायची, म्हणून हे बायकांनाही कोणी सांगत नसे.

एफी मासेमारीच्या जाळ्यांच्या गिरणीत कामाला होती. तिला एवढंच माहीत होतं, की नवरा जेवतानाही टोपी काढत नाही आणि ती टोपी खुंटीला लावताना आपलंच डोकं चढतं.

१९६१ च्या जुलैत वार्षिक सुट्टीसाठी कारखाना पंधरा दिवस बंद झाला. शनिवारी सकाळच्या बोटीने दोघं समोरच्या बेटावर मिलपोर्टला जाणार होते. शुक्रवारी संध्याकाळी आर्ची अंघोळीला बसला असताना एफीने टोपी गरम पाण्यात सोडा घालून खसाखसा धुतली आणि चुलीवर वाळत घातली.

"काय केलंस हे?" तो म्हणाला.

"पाहुण्यांच्या घरात ही घाण घालून बसणार होतास?"

तो टोपीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असू दे. पंधरा दिवसांनी डोकं दुखेल, दुसरं काय."

सोमवारी सकाळी मिलपोर्टच्या धक्क्यावर आर्ची छाती धरून खाली बसला. डॉक्टर येईपर्यंत संपला होता. वय एकोणचाळीस.

दफनानंतर मांस भरलेली गरम पेस्ट्री आणि चहा देताना त्याचा सोबती शग एफीजवळ आला. "टोपी होती ना गं डोक्यावर?" त्याने हळूच विचारलं.

"होती. स्वच्छ धुतलेली."

शगने हातातली ताटली खाली ठेवली. न जेवताच तो निघून गेला. महिनाभराने एफीने त्याला घरात गाठलं आणि सगळं वदवून घेतलं. सुट्टीत माणसं अशी पडतात हे मळणाऱ्यांनी पाहिलेलं होतं. शेवटी शग म्हणाला, "पण टोपीमुळे नाही हं, वहिनी. मनात आणू नकोस." पुढे पाद्री तेच म्हणाला, बहीणही तेच. पस्तीस वर्षं सगळे तेच म्हणत आले.

टोपी कट्ट्यावर ठेवली त्या सोमवारी, दहाच्या सुमाराला लॉन्ड्रीत ओल्या चादरी ओढताना एफीचा हात थांबला. ती मशीनला टेकली. ओठ पांढरे. मोइराने तिच्या पिशवीतून डॉक्टरांनी दिलेली गोळ्यांची बाटली काढली. सील तसंच होतं.

"महिना झाला ना या देऊन? शोभेला ठेवल्यास?"

"त्यात तेच आहे," एफी म्हणाली. "बाटलीवर लिहिलंय. नायट्रोग्लिसरीन."

कळ ओसरल्यावर मोइरा तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉ. शोना रॅन्किन वयाने एफीच्या नातीएवढी.

"मिसेस गिलफिलन, हे औषध टाळून तुम्ही रोज धोका पत्करताय."

"ते माझ्या नवऱ्याला मिळू दिलं नाही मी. मला कशाला?" एफीने टोपीचं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "ते अंगात जाऊन काय करतं, ते सांग पोरी. थापा नकोत."

डॉक्टरने कागदावर नळी काढली. "ही रक्तवाहिनी. भिंतीत स्नायूच्या पेशी. त्या तेलातून अंगात नायट्रिक ऑक्साइड सुटतो. पेशीत ग्वानिलिल सायक्लेज नावाचं एन्झाइम असतं, हा वायू त्याला जाऊन चिकटतो. मग ते एन्झाइम सायक्लिक जीएमपी बनवायला लागतं. तो झाला निरोप: सैल हो. स्नायू सैल पडतो, नळी रुंदावते. काम झालं की दुसरं एन्झाइम तो निरोप पुसून टाकतं."

"आणि रोज दिलं तर?"

"पेशी बहिरी होते. तोच निरोप पोचायला जास्त तेल लागतं. शरीरही नळ्या उलट आवळून धरायला शिकतं. मग तेल एकदम बंद झालं की नुसतं आवळणं उरतं."

"दोन-तीन दिवसांनी?"

"बहुधा तेव्हाच."

मोइरा खिडकीबाहेर बघू लागली.

"टोपी धुतली नसती तर तो वाचला असता?"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "कदाचित. त्याचं हृदय आधीच खराब असेल, तर तरीही नाही. पण कदाचित वाचला असता."

"डॉक्टर!" मोइरा म्हणाली.

"ओरडू नकोस तिच्यावर," एफी म्हणाली. "खरं बोलली बिचारी." तिने रुमाल काढला, डोळे पुसले, घडी घातली, पुन्हा उलगडली. मग तिने हात पुढे केला. "दे काय द्यायचं ते."

डॉक्टरने गोळ्यांच्या जोडीला छातीवर चिकटवायच्या त्याच औषधाच्या पट्ट्या दिल्या. "सकाळी लावायची, रात्री न विसरता काढायची."

"रात्री का?"

"पेशी बहिरी होऊ नये म्हणून. आणि एवढासा डोस रात्रीपुरता थांबला तर ते कारखान्यासारखं होत नाही. पण छातीत कळ आली तर रात्रीही गोळी जिभेखाली. सुरुवातीला डोकं दुखेल."

"ते ठाऊक आहे मला," एफी म्हणाली.

दुपारी ती लॉन्ड्रीत परतली आणि राहिलेल्या चादरींच्या घड्या घातल्या. टोपी कट्ट्यावरच होती. ती तिने तशीच, न धुता, गिऱ्हाइकाच्या थैलीत सगळ्यात वर ठेवली.

उद्या मंगळवार. लॉन्ड्री सातला उघडते. पहिली पट्टी आठला लावायची आहे आणि रात्री आठला काढायची आहे.