पाणबुडीसाठी सोमवार

माझ्या सासूबाई दर सोमवारी पाणबुडीसाठी देवाला साकडं घालायच्या. दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती ती, राज्य गोऱ्यांचं. आपल्या आरमारात तेव्हा पाणबुडी औषधालाही नव्हती, आणि ज्या समुद्रात आमचे हे होते तिथं ज्या फिरत होत्या त्या वैऱ्याच्या. म्हणजे भोरच्या डोंगरात बसून एक म्हातारी शत्रूच्या बोटी सुखरूप राहाव्यात म्हणून कडक उपास करत होती. मी तिच्याशेजारी हात जोडून उभी असे, तोंडानं तिच्यामागून म्हणत आणि मनात सगळं उलट सांगत.

परवा नातवानं भिंतीवर एक चित्र डकवलं. आपल्या आरमाराच्या बोटी ओळीनं चालल्या आहेत आणि सगळ्यांच्या पुढे एक काळी पाणबुडी, अर्धी पाण्याबाहेर. "आजी, ही आपली हं," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, तुझ्या पणजीनं हिच्यासाठी फार आधीच देवाकडे वशिला लावून ठेवलाय. त्याला काही कळलं नाही. कळायचं कसं? म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतच शिकलेय, तेव्हा अक्षराला कुणी हसू नये.

मी भोरची. लग्न होऊन गेले ते धरणाच्या काठी. माझ्या सासरचं मूळ गाव खाली नदीच्या खोऱ्यात होतं. भाटघरचं धरण भरलं आणि गाव पाण्यात गेलं, माणसं वरच्या उतारावर येऊन राहिली. महादेवाचं देऊळ मात्र तिथंच राहिलं. पाऊस लागला की ते बुडायचं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर यायचं. आधी कळस, मग शिखर, मग गाळात बसलेला नंदी. एक चिरा हललेला नसे. बायका बादल्या घेऊन जायच्या, गाळ उपसायच्या, देवाला धुऊन काढायच्या आणि पावसाळ्यात पुन्हा पाण्याच्या स्वाधीन करायच्या. इतर दिवसांत दर्शन घ्यायचं तर काठावर उभं राहून देऊळ असेल त्या अंगाला हात जोडायचे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. धरण नवं भरलं त्या सालात त्यांचा धाकटा दीर होडी उलटून गेला होता. होडी वर आली नाही, दीरही आला नाही. देऊळ मात्र वर्षाच्या वर्षाला येत राहिलं. ह्यातून त्यांनी आपला एक नियम काढला होता, आणि तो त्या कुणालाही ऐकवत: "आपणहून बुडतंय ते वर येतंय. दुसऱ्यानं बुडिवलं ते गेलं." ह्यापुढे कुणी वाद घालत नसे. मी तर नाहीच नाही.

अशा घरातून आमचे हे आरमारात गेले. आधी कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही. भाताची खाचरं पाण्यात गेलेली, वरचं एक तुकडाभर खाचर सोडलं तर हाती राहिली ती डोंगरउताराची वरकस जमीन, तिच्यात नाचणी-वरईपलीकडे काही पिकत नाही. एक दिवस हे मीठ आणायला भोरच्या बाजारात गेले आणि भरतीत नाव घालून आले. वर मीठ आणायचं विसरले. मी त्यांना त्या मिठावरून जन्मभर बोलले.

पहिल्या रजेला आले तेव्हा सगळी आळी आमच्या ओसरीवर गोळा झाली. ह्यांनी आरमाराची माहिती सांगायला सुरुवात केली. मोठमोठ्या बोटी गोऱ्यांच्या, आपल्या लहान. त्यातल्या काही सुरुंग गोळा करणाऱ्या. दोन बोटी मधे तार धरून चालतात आणि पाण्यात पेरलेले सुरुंग ओढून काढतात. हे समजावताना मला आणि जाऊबाईंना पुढ्यात घेतलं. "वड्यात लुगड्याची दोन टोकं धरून तुमी मासं काढता का न्हाई? तसंच. ह्यातलं मासं तेवढं फुटत्यात." जाऊबाई त्यानंतर बरेच दिवस ओढ्यावर आल्या नाहीत.

ह्यांचं स्वतःचं काम वेगळं. मालाच्या बोटींची राखण करणारी एक लहानशी लढाऊ बोट, आणि तिच्यात कानाला यंत्र लावून बसायचं. बोट पाण्याखाली आवाज सोडते. तो पाणबुडीला आपटून परत आला की ती कुठं आहे ते कळतं, मग तिच्यावर बाँब टाकायचे. "तोरण्याच्या कड्याला हाळी दिली की परत येती, तसं," हे म्हणाले.

"आन ती पाणबुडी म्हंजी काय?" आत्याबाईंनी विचारलं.

ह्यांनी हंड्यात तांब्या सोडला. रिकामा तरंगला, पाणी भरलं तसा तळाला गेला. "ही आत पाणी घेऊन आपणच बुडती. पाणी भाईर टाकलं की आपणच वर येती." आत्याबाई त्या हंड्यात बराच वेळ बघत राहिल्या.

जेवणं वाढली तेव्हा त्यांनी ताट सारलं. दुसऱ्या दिवशीही सारलं. ह्यांनी खोदून विचारल्यावर म्हणाल्या, "होडी उलाटली की सपलं. म्या बघितलंय. तुझी बोट बी होडीच न्हवं का? जरा मोठी."

ह्यांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं, मग म्हणाले, "न्हाई आये. माझी ती तांब्यावाली. बुडणारी."

"आपणहून?"

"आपणहून."

"मंग बरं," म्हणून आत्याबाईंनी ताट पुढं ओढलं.

नंतर गोठ्यात मी ह्यांना गाठलं. "असं कसं सांगितलंत? उद्या कळलं तर?"

"तू सांगितलंस तरच कळंल. तुला माझ्या गळ्याची आण हाय. ती जेवायची न्हाई गं." एवढं बोलून हे बैलांना पेंढा टाकायला लागले. आईची काळजी मिटली, हे मोकळे झाले, आणि जिवाला घोर लागला तो माझ्या.

कारण हे परत गेले त्याच सोमवारी आत्याबाई मला काठावर घेऊन गेल्या. पाण्याकडं तोंड करून त्यांनी साकडं घातलं, आणि मला मागून म्हणायला लावलं. "महादेवा, पाणबुडीला सांभाळ. तू जसा वर येतोस तशी तिला वर आण. आतल्या लेकरांना हवा मिळू दे. त्यांच्या हातनं कुणाचं वाईट घडू दिऊ नगंस. आन घडलंच तर त्यांच्या काळजात दया घाल."

मी तोंडानं म्हणायची, पाणबुडीला सांभाळ. मनात म्हणायची, देवा, म्हातारीला ठाऊक नाही. पाणबुडीला बुडव आणि ह्यांना सांभाळ. असं सोमवारमागून सोमवार चाललं. सुरुवातीला मला त्याचं हसूच यायचं. पण हळूहळू भीती वाटायला लागली. देवानं ऐकायचं कुणाचं? दिवसभर पाण्याचा थेंब न घेणाऱ्या, जन्मात कुणाचं कणीस न तोडलेल्या आत्याबाईंचं, की सकाळी चुलीमागं गुपचूप भाकरी खाऊन आलेल्या माझं? मी देव असते तर मीसुद्धा आत्याबाईंचंच ऐकलं असतं. कितीदा जिभेवर आलं की सांगून टाकावं, अहो, तुम्ही लेकाच्या वैऱ्यासाठी उपास करताय. पण गळ्याची आण होती, आणि ताट सारलेल्या आत्याबाई डोळ्यांपुढं यायच्या. मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून ते जास्तच अंगावर आलं.

मग एका वर्षी ह्यांचं पत्र येईनासं झालं.

आधी कुणाला काही वाटलं नाही, पत्रं उशिरानंच यायची. आत्याबाई म्हणायच्या, "पाण्याखाली हाय. तिथनं पत्र कसं टाकील? पाणी उतरलं, देऊळ वर आलं की तो बी येतोय बघ." वैशाखात देऊळ वर आलं. आम्ही गाळ उपसला, देव धुतला. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचे राब भाजून झाले. आत्याबाई देवळाच्या पायरीवर जाऊन बसायच्या आणि मोटाररस्त्याकडं बघत राहायच्या. मी भोरला माहेरी जाऊन आले, भावाला कचेरीत विचारायला लावलं. कुणाला काही माहीत नव्हतं. मला मात्र पक्कं माहीत होतं. देवानं आत्याबाईंचं ऐकलं होतं.

पाऊस लागला, धरण चढू लागलं. नंदी गेला, शिखर गेलं. ज्या दिवशी कळस दिसेनासा झाला त्या दिवशी आत्याबाईंनी पुन्हा ताट सारलं. ह्या खेपेला समजूत घालायला हे घरात नव्हते. मी त्यांचं ताट उचललं आणि माझंही अन्न कुत्र्याला घातलं.

आषाढात, ऐन लावणीत, हे आले. सर्व्हिस मोटारीतून फाट्यावर उतरले आणि चिखल तुडवत चालत घरी. नाकाची कातडी सोललेली, अंगात दुसऱ्याचा सदरा, आणि इतके वाळलेले की मी ओळखलं ते चालीवरून. देव बुडाला आणि लेक वर आला. आत्याबाईंचा नियम साफ उलटा झाला होता, पण तेव्हा कोण हिशेब करतं. त्यांनी ह्यांच्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली आणि पहिला प्रश्न हाच विचारला.

"पाणबुडीनं तरास तर दिला न्हाई न्हवं?"

"न्हाई आये," हे म्हणाले. "पाणबुडीनंच पाणी पाजलं. तिच्याचमुळं आलो."

माझा पारा चढला. आम्ही इथं जीव टांगणीला लावून बसलेलो, आणि ह्या माणसाचं आपलं तेच जुनं खोटं चालू! दुसऱ्या दिवशी खाचरात रोपं लावताना, डोक्यावर इरलं आणि पाय चिखलात, मी ह्यांना मनसोक्त बोलून घेतलं. माझं संपल्यावर हे म्हणाले, "खोटं न्हाई गं. ह्या येळंला खरं हाय."

रजा मिळून हे मालाच्या बोटीनं मुंबईला येत होते. वाटेत पाणबुडीनं ती बोट फोडली. हे होडीत पडले. आत्याबाईंना जिची भीती, तीच होडी. होडीतलं पाण्याचं पिंप फुटलं होतं आणि जमीन कुठं दिसत नव्हती. तेवढ्यात समोरचं पाणी फुगलं आणि पाणबुडी वर आली.

"इतकी वर्सं म्या तिला नुसती ऐकली हुती. बघितली पयल्यांदा. आमी होडीत पालथं पडलो. वाटलं, आता गोळ्या घालत्यात." हातातली रोपांची मूठ ह्यांनी तशीच धरून ठेवली होती. "मंग एक दाढीवाला वर आला. पोरसवदाच हुता. त्यानं पाण्याचा डबा दिला. पावाचं तुकडं दिलं. जमीन कुठल्या अंगाला ती हातानं दावली. आन गेला परत खाली. त्या पाण्यावर आमी अरबांच्या किनाऱ्याला लागलो. तिथंच दवाखान्यात पडून हुतो."

"बोट त्यानंच फोडली ना?"

"व्हय. त्यानंच."

"मग बोटीवरची बाकीची?"

"भट्टीत कोळसा घालणारी खालीच हुती. त्यातलं कुणी वर आलं न्हाई."

पाऊस पडतच होता. आम्ही दोघांनी ती ओळ लावून पुरी केली. आत्याबाईंच्या साकड्यातलं शेवटचं वाक्य माझ्या कानात घुमत होतं. वाईट घडलंच तर त्यांच्या काळजात दया घाल. ते ह्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा हे बांधावर बसले.

मी देवाला मानते, पण देवाचा हिशेब मला लागत नाही. खाली राहिलेल्यांच्या आयांनीही कुठंतरी हात जोडले असणारच. मला एवढंच कळतं की माझा माणूस घरी आला. त्यासाठी मी आत्याबाईंचे उपकार मानते आणि त्या दाढीवाल्या पोराचेही मानते. त्याच्या हातून जे घडलं तेही विसरत नाही. दोन्ही एकदम मनात राहतं. लढाई संपल्यावर हे कायमचे घरी आले, धरणाकाठी म्हातारे झाले. ह्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला की मला दर वेळी तो डबा आठवायचा.

त्या श्रावणात, ह्यांच्या रजेचे शेवटचे दिवस राहिले असताना, सोमवारी आम्ही तिघं काठावर गेलो. देऊळ खोल पाण्याखाली होतं. आत्याबाईंनी नारळ फोडला, अर्धा पाण्यात सोडला. "देवा, पावलास. माझा लेक घरला आला. आता सोमवार सोडते," म्हणाल्या आणि परत वळल्या.

"आत्याबाई, सोडू नगा," मी म्हणाले. "बोटीत बाकीची पोरं हायती अजून."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. परत गेल्यावर हे त्याच पोरांना शोधायला कानाला यंत्र लावून बसणार होते, ते मला माहीत होतं आणि ह्यांनाही.

"व्हय की," आत्याबाई म्हणाल्या. "म्या आपल्यापुरतंच बघितलं." त्या पुन्हा पाण्याकडं वळल्या, हात जोडले आणि म्हणू लागल्या. महादेवा, पाणबुडीला सांभाळ. मी मागून एकेक शब्द मोठ्यानं म्हटला. मनात दुसरं काही म्हणायचं उरलं नव्हतं. आणि 'आतल्या लेकरांना हवा मिळू दे' इथवर आलो तेव्हा माझ्या मागून ह्यांचाही आवाज आला.