शैलाने सांगितलेली गंमत

करवंटी म्हणजे काय, ते शैलाने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवलं. होडीतली सगळी पोरं खूश होऊन हसली. इंग्लंडातलं तळं, देशोदेशीची मुलं. प्रत्येकाने आपल्या गावची एक गंमत सांगायची, असा खेळ चालला होता. शैलाने पावस गावची सांगितली: आमच्या आंब्याच्या बागेत कामाला बाया येतात, त्या नारळाच्या करवंटीतून चहा पितात.

त्या बायांत माझी आई होती.

शैला बागायतदाराची मुलगी. मी त्याच गावच्या बौद्धवाडीतली. वाडीतली पहिली बी.ए. रत्नागिरीच्या कॉलेजातून युवक शिबिरासाठी आम्हा दोघींची निवड झाली, भाडं शिबिरवाल्यांनी भरलं. गावात आम्ही कधी बोललो नव्हतो. शिबिरात एका तंबूत झोपलो. मी थंडीने कुडकुडले तर तिने आपली शाल माझ्यावर टाकली. तिच्या ताटातलं मी खाल्लं, माझ्यातलं तिने. मला वाटलं, सुटलं. समुद्र ओलांडला की सुटतं.

वेडी मी.

"तुम्हीपण त्यातूनच पिता?" एका जर्मन मुलीने विचारलं.

"छे! आमच्याकडे कप आहेत," शैला म्हणाली.

"मग त्यांना का नाही देत?"

शैला माझ्याकडे वळली. हसतच. मराठीत म्हणाली, "सांग गो तू. तुला जास्त माहीत."

तिच्या मनात कपट नव्हतं. तेच काळजाला लागलं. माझ्या आईची करवंटी शैलाच्या मागीलदारी गडग्यात, चिऱ्याच्या कुंपणभिंतीत, खोचलेली असते. आई ती पुढे धरते, शैलाच्या घरचे लांबूनच वरून चहा ओततात. शैलाने लहानपणापासून हे पाहिलेलं. आणि तिला ती गंमत वाटत होती.

जिभेवर खोटं तयार होतं. करवंटीचा चटका बसत नाही, म्हणून. तेवढं म्हटलं असतं तर सगळे पुन्हा हसले असते, आणि शाल माझ्या अंगावर राहिली असती.

मोडक्या इंग्रजीत मी म्हणाले, "माझी आई पिते त्यातून. आमचा हात लागलेला कप यांच्या घरात चालत नाही."

वल्ही थांबली. शैलाचा चेहरा उतरला. "परक्यांसमोर घरचं कशाला काढलंस?"

"कुणाचं घर, शैला? अंगणाच्या पुढे कधी घेतलंयस मला?"

ती रडायला लागली. सगळे तिचीच समजूत काढू लागले. जर्मन मुलीने तिला जवळ घेतलं. मला कुणी काही विचारलं नाही. माझासुद्धा हात तिच्या पाठीकडे गेला होता. मी मागे घेतला. तेव्हा आत जे तुटलं, ते सांधलेलं नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "खोटं काय सांगितलान गो तिनं? आता बागेत बोलावतील का नाय, ती चिंता." मग हळूच, "हसली सगळी?"

"हसली."

आईने पदर तोंडाला लावला.

पुढे शैलाचा निरोप आला. झालं गेलं विसर, भेटायला ये. मी उलट निरोप धाडला. येईन. पुढच्या दाराने येईन, आईला घेऊन येईन. आम्हा दोघींना माजघरात बसवायचं. तुम्ही पिता त्याच कपातून चहा द्यायचा. आणि उठताना कप आम्ही विसळणार नाही.

अजून बोलावणं नाही. या अटीतलं एक अक्षर मी कमी करणार नाही.